फिरती पेटी: बडोद्यात मराठी वाचनगट कसा चालवावा

आमच्या वाचनगटाच्या पहिल्या वर्षी व्हॉट्सॲपवर रोज चाळीस-पन्नास निरोप यायचे. वर्षाच्या शेवटी कुणीतरी सहज विचारलं, की आपण सगळ्यांनी मिळून वाचलेलं पुस्तक कोणतं? एकही नाही. सुप्रभात होतं, फुलं होती, वाचनाचं महत्त्व सांगणारे सुविचार तर पोत्याने होते. दांडिया बाजारातल्या एक काकू शेवटी वैतागून म्हणाल्या, "अरे, तुम्ही पुस्तकांची नावं नुसती टाकता रे. मला वाचायचं असेल तर ते आणून देणार कोण?"

त्या प्रश्नाने गट नव्याने उभा राहिला. तो कसा उभा केला, कुठे आपटलो आणि आता काय चालतं, ते इथे क्रमाने लिहितो आहे. तुमच्या भागात असा गट काढायचा असेल तर थेट उचलता येईल.

मूळ अडचण आधी बघू. पुण्यातला वाचक दुकानात जाऊन पुस्तक हातात घेतो. बडोद्यात मराठी पुस्तक मागवायचं म्हणजे बहुधा टपालखर्च भरून, न चाळताच मागवायचं. पण शहरात पुस्तकं नाहीत असं मुळीच नाही. बाबाजीपुरा, रावपुरा, दांडिया बाजार इथल्या जुन्या मराठी घरांत काचेची कपाटं भरलेली आहेत. आजोबांनी घेतलेली, आजीने खाकी कव्हर घातलेली, आणि आता किल्ली कुठे ठेवली हेही कुणाला आठवत नाही अशी. वाचक मांजलपूरला, कारेलीबागेत, वासणा-भायलीकडे फ्लॅटमध्ये गेले. कपाटं जुन्या वाड्यांत राहिली. या दोन टोकांमध्ये पुस्तक नेऊन पोचवणं, एवढंच गटाचं काम आहे. गप्पा मग होतातच.

ही अक्कल आपल्या गावाला शंभर वर्षांपूर्वीच आलेली होती. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, आणि त्याचबरोबर लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव पाठवायची फिरती ग्रंथालयंही सुरू झाली. वाचक ग्रंथालयापर्यंत येत नसेल तर ग्रंथालयाने त्याच्यापर्यंत जायचं, इतका साधा हिशेब. अलीकडे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेने शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या परदेशापर्यंत पोचवल्या. आपल्याला शंभराची गरज नाही. तीस पुस्तकं पुरतात.

आधी सात माणसं

दोनशे जणांना जोडून सुरुवात करू नका. सात पुरेत, पण ती सात निवडून घ्या. एकाकडे पुस्तकांनी भरलेलं कपाट हवं. एकाकडे स्कूटर आणि रविवारची सकाळ हवी. एकाला वहीत आखीव नोंदी करण्याची मनापासून आवड हवी. असं माणूस प्रत्येक मराठी गोतावळ्यात एक असतंच, बँकेतून किंवा रेल्वेतून निवृत्त झालेलं. उरलेले चार वाचणारे. बोलके लोक शोधावे लागत नाहीत, ते आपोआप येतात.

नवा माणूस जोडताना आम्ही एकच प्रश्न विचारतो: गेल्या वर्षात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं एक पुस्तक सांगा. उत्तर पाककृतींचं पुस्तक असलं तरी चालतं. "लहानपणी खूप वाचायचो" हे उत्तर आलं की आम्ही त्यांना बैठकीला बोलावतो, चहा पाजतो, पण पेटीच्या यादीत घालायला घाई करत नाही. निष्ठुर वाटेल. मात्र पहिल्या वर्षीची आमची ६३ माणसं याच उत्तराची होती.

कपाट उघडायला कसं जायचं

सगळ्यात नाजूक पायरी ही आहे. "पुस्तकं दान करा" असं म्हटलं की दार बंद. घरातली थोरली माणसं म्हणतात, यांच्या हाताची आठवण आहे, आणि त्यांचं बरोबरच असतं. म्हणून मागायचं ते सहा महिन्यांसाठी, आणि मालकी तुमचीच राहील हे लिहून द्यायचं. आम्ही प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर पेन्सिलीने मूळ घराचं आडनाव लिहितो. शाई नाही, शिक्का नाही. बावीस घरांपैकी आम्हाला नकार फक्त तीन घरांतून आला, आणि त्यातल्या एका आजींनी नंतर स्वतःहून फोन केला.

जायचं रविवारी अकराच्या सुमाराला, दोघांनी, आणि दोन तास हातात ठेवून. प्रत्येक पुस्तकामागे एक गोष्ट निघते, ती ऐकल्याशिवाय उठता येत नाही. उठूही नये.

निवडताना वाचनीयता आणि प्रकृती दोन्ही बघा. जुन्या स्वस्त कागदात आम्ल राहिलेलं असतं. तो पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. मागच्या कोऱ्या पानाचा अगदी लहान कोपरा हलकेच मुडपून परत सरळ करायचा. दोन-तीनदा केल्यावर कोपरा गळून हातात आला, तर ते पुस्तक पेटीत घालू नका. ते घरीच सांभाळायचं आहे. लेखकाच्या सहीची प्रत, पहिली आवृत्ती, संचातला सुटा खंड यांनाही हात लावायचा नाही. दुर्मीळ प्रत हरवली की गट मोडतो, हे मी अनुभवाने सांगतो. आमचा मोडता मोडता राहिला.

तीसमध्ये काय असावं? आमची पहिली पेटी आम्ही फार भारदस्त केली: समीक्षा, संतसाहित्य, वैचारिक लेखसंग्रह. ती वासण्याहून जशीच्या तशी परत आली. आता साधारण दहा कथासंग्रह, सहा कादंबऱ्या, पाच आत्मचरित्रं, तीन प्रवासवर्णनं, दोन विनोदी, एखादं नाटक, आणि उरलेली मुलांची असं धरतो. आत्मचरित्रं सर्वाधिक वाचली जातात, विशेषतः बायकांनी लिहिलेली. कवितेचं एक पुस्तक मी दर वेळी हळूच घालतो. ते बहुतेक वेळा न उघडता येतं. मी घालायचं सोडलेलं नाही.

पेटी आणि वही

दोनशे-अडीचशे पानांचं पुस्तक पाव किलोपासून तीनशे ग्रॅमपर्यंत भरतं. तीसांचे आठ-नऊ किलो. स्कूटरच्या पायाशी मावेल अशी, घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची पेटी घ्या. परंपरा म्हणून आम्ही आधी सुताराकडून सागवानी पेटी करवून घेतली होती. दिसायला राजेशाही, उचलायला दोन माणसं. ती आता एका घरात टीव्हीखाली आहे.

झाकणाच्या आतून यादी चिकटवा. प्रत्येक पुस्तकाला अनुक्रमांक द्या आणि कण्यावर रंगीत पट्टी लावा: कथा-कादंबरी एका रंगाची, चरित्र दुसऱ्या, मुलांची तिसऱ्या, बाकी सगळं चौथ्या. बॉर्डनसाहेबांनी बडोद्यासाठी वर्गीकरणाची खास पद्धत बसवली होती. आपल्या तीस पुस्तकांना चार रंग बस झाले. चिकटपट्टी थेट जुन्या कव्हरवर लावू नका, निघताना कागद सोलते. आधी खाकी किंवा पारदर्शक कव्हर, त्यावर पट्टी.

वही दोन ठिकाणी ठेवतो. एक कागदी, पेटीतच, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीसकट. दुसरी गूगल शीटवर, सगळ्यांना दिसेल पण दोघांनाच बदलता येईल अशी. रकाने सहा: क्रमांक, नाव, मूळ घर, सध्या कुणाकडे, कधी नेलं, शेरा. शेऱ्याचा रकाना जीव लावून जपा. "पान ४७ वर चहाचा डाग, माझ्याकडून, क्षमस्व" असली नोंद माणसं कागदी वहीतच करतात, शीटवर कधीच नाही. शीट दर रविवारी कागदावरून भरून घ्यावी लागते. त्यासाठी तो निवृत्त माणूस.

फेरी कशी आखायची

पेटी एका घरी पाच आठवडे थांबते. ते घर त्या भागाचं ठाणं: मांजलपूर, कारेलीबाग, वासणा, वाघोडिया रोड. ठाण्याच्या माणसाने आपल्या ओळखीच्या पाच-सहा घरांना कळवायचं आणि रोज संध्याकाळी एक ठरलेला तास घर उघडं ठेवायचं. एका वेळी एकच पुस्तक. पाचव्या आठवड्यात सगळी पुस्तकं परत, मोजणी, आणि पेटी पुढे. हातात अर्धं राहिलेलं पुस्तक असेल तर? ठेवू द्यायचं, वहीत लिहायचं, आणि वाचकाने ते स्वतः पुढच्या ठाण्यावर पोचवायचं. त्या निमित्ताने माणसं एकमेकांच्या घरी जातात. आमच्याकडे यातून एक लग्नही जुळलं आहे, पण ते वाचनगटाचं उद्दिष्ट म्हणून जाहीर करू नका.

दंड ठेवू नका. पाच रुपयांच्या दंडाने माणूस लाजतो आणि पुस्तकच परत करायचं टाळतो. त्याऐवजी दुसऱ्या स्मरणानंतर ठाण्याच्या माणसाने फोन करायचा आणि फक्त "कसं वाटलं पुस्तक?" एवढंच विचारायचं. तिसऱ्या दिवशी पुस्तक येतं.

पुस्तक खरंच हरवलं तर मूळ घराला गटाच्या खर्चाने तीच प्रत, ती न मिळाल्यास त्या घराने निवडलेली दुसरी प्रत द्यायची, आणि सांगायला दोघांनी जायचं, फोनवर उरकायचं नाही.

पैसे

फार कमी लागतात. कव्हरं, पेटी, हरवलेल्याची भरपाई, टपाल. आम्ही माणशी वर्षाला २०० रुपये घेतो. फुकट ठेवावं असं काहींचं मत होतं. पण बडोदे संस्थानातसुद्धा गावाला ग्रंथालय हवं असेल तर गावाने आधी आपला वाटा जमवायचा, मग तेवढीच रक्कम पंचायत आणि तेवढीच सरकार घाली. आपला पैसा गुंतला की माणूस पुस्तकाची चौकशी करतो.

व्हॉट्सॲपचं काय करायचं

दोन गट करा. एकात फक्त ॲडमिन लिहू शकतील: पेटी कुठे आहे, बैठक कधी, कोणतं पुस्तक परत यायचं आहे. दुसऱ्यात गप्पा. पहिल्यात कधीही सुविचार टाकू नका, अगदी २७ फेब्रुवारीलासुद्धा. मराठी भाषा गौरव दिनाला शुभेच्छांचा पूर येतो. त्या दिवशी आम्ही दुसऱ्या गटात प्रत्येकाला सध्या वाचत असलेल्या पुस्तकातलं एक वाक्य स्वतःच्या आवाजात टाकायला सांगतो. फॉरवर्ड आपोआप थांबतात.

महिन्यातून एकदा बातमीपत्र. पानभराचं, त्याहून मोठं नाही. बॉर्डनच्या काळात, १९१२ पासून, बडोद्यातून ग्रंथालयांविषयीचं एक नियतकालिक निघे, इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी विभाग असलेलं. आमचं बातमीपत्र त्यामानाने घरगुती. त्यात पेटीचा मुक्काम, महिन्यात सर्वाधिक हात बदललेलं पुस्तक, कुणाचे तरी पाच ओळींचे अभिप्राय, आणि 'हवं आहे' असं सदर. हे शेवटचं सदरच सगळे आधी वाचतात. एका बाईंना शाळेत असताना अर्धवट राहिलेली कादंबरी हवी होती. नाव आठवत नव्हतं, फक्त नायिका विहिरीपाशी उभी असते एवढंच आठवत होतं. अकरा जणांनी अकरा नावं सुचवली. त्यातलं एकही ते नव्हतं, पण अकराच्या अकरा पुस्तकं पुढच्या पेटीत आली.

पीडीएफ मात्र ठामपणे नाकारा. "काकांनी स्कॅन केलंय, टाकू का?" हे दर महिन्याला येतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त आहे. तसलं साहित्य मराठी विकिस्रोतावर सापडतं, त्याचा दुवा खुशाल द्या. हयात लेखकाची स्कॅन प्रत गटावर आली की ती काढून टाका आणि टाकणाऱ्याला खासगीत समजवा. चारचौघांत समजवलंत तर माणूस जातो.

बैठक

महिन्यातून एक, दीड तास, कुणाच्या तरी घरी किंवा थंडीत कमाटीबागेत. तारीख ठरवताना बडोद्याचं कॅलेंडर समोर ठेवा. नवरात्रात नऊ रात्री इथे कुणीही मिळत नाही, मराठी असो की गुजराती. गरब्यापुढे साहित्याचं काही चालत नाही. १४-१५ जानेवारीला सगळं गाव पतंग उडवायला गच्चीवर. गणपतीत मात्र बैठक जरूर घ्या, लोक तसेही जमतात, आणि आरतीनंतरचा अर्धा तास अभिवाचनाला फार चांगला.

सुरुवात परीक्षणाने करू नका. "लेखकाने समाजातील दाहक वास्तव" असं एकाने सुरू केलं की बाकीचे चहाकडे बघतात. आम्ही प्रत्येकाला एकच काम देतो: पुस्तकातला एक परिच्छेद आणा जो तुम्ही दुसऱ्यांदा वाचलात, आणि तो मोठ्याने वाचा. का, ते सांगायची सक्ती नाही. चर्चा तिथूनच फुटते, बहुधा भांडणासकट. पुस्तक पुरं न झालेल्यांनाही यायला सांगा. शेवट फुटेल ही तक्रार करायचा हक्क मात्र त्यांना नाही.

बाहेरगावी गेलेल्या बडोदेकरांसाठी तीन महिन्यांतून एकदा व्हिडिओ बैठक असते. रात्री साडेआठची वेळ सोयीची पडते: उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे ११ आणि लंडनला दुपारचे ४ वाजलेले असतात, हिवाळ्यात दोन्हीकडे एक तास आधी. त्यांना पुस्तक पाठवायचं तर कठीण, पण भारतात असलेल्यांना टपालाने पाठवता येतं. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू केली आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. आत फक्त पुस्तक हवं आणि त्यावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं. पुस्तकात प्रेमाने चकलीचं पाकीट खुपसू नका. एका मावशींनी खुपसलं होतं.

दिवाळी अंक

वर्षातला सगळ्यात यशस्वी उपक्रम हाच, आणि सगळ्यात सोपा. पहिला दिवाळी अंक 'मनोरंजन'ने १९०९ साली काढला. योगायोगाने त्याच वर्षी साहित्य संमेलन बडोद्यात भरलं होतं. नंतर १९२१, १९३४ आणि २०१८ मध्येही ते इथे झालं. संमेलनाचा मांडव तीन दिवसांत उतरतो. दिवाळी अंक पुढच्या दिवाळीपर्यंत पुरतात.

करायचं असं: सप्टेंबरात यादी फिरवा आणि प्रत्येक घराने एकच अंक विकत घ्यायचा, दुसऱ्याने घेतलेला नाही. अंक आता तीन-चारशे रुपयांना पडतात, त्यामुळे वीस घरांत वीस अंक हा मोठाच फायदा. भाऊबीजेनंतरच्या रविवारी सगळ्यांनी फराळासकट जमायचं आणि अंक अदलाबदलीला ठेवायचे. पंधरा दिवसांनी अंक पुढे सरकतो. कोणाकडून कोणाकडे, हा क्रम आधीच कागदावर ठरवा, नाहीतर चांगले चार अंक तीन घरांतच घोटाळत राहतात. भविष्याचं पान कुणी फाडू नये, हे स्पष्ट सांगा.

मुलं

मध्यवर्ती ग्रंथालयात पहिल्या काळापासून मुलांसाठी वेगळी सोय होती. आपल्या पेटीतही त्यांची दोन-तीन पुस्तकं असू द्या, पण पातळ. इथली तिसरी पिढी मराठी बोलते आणि अडखळत वाचते, कारण शाळा गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाची. देवनागरी हिंदीमुळे येते, आणि 'ळ' तर त्यांना कधीच अवघड जात नाही, गुजरातीत तो आहेच! अडतं ते जोडाक्षरांच्या लांबलचक वाक्यांपाशी. तेव्हा आजीने एक पान वाचायचं, नातीने एक. आमच्या एका ठाण्यावर नातीचं पान आजीच्या पानापेक्षा मोठं असावं म्हणून आजी मुद्दाम चष्मा विसरतात.

पावसाळा

जूनपासून पेटीत कडुनिंबाची वाळलेली पानं आणि कापडात बांधलेला कापूर ठेवा. कसर कमी लागते. आठवड्यातून एकदा झाकण उघडून पुस्तकं तासभर उभी करा, उन्हात नाही, पंख्याखाली. आणि पेटी तळमजल्यावर कधीच ठेवू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी घरात शिरलं तेव्हा आमची दुसरी पेटी एका तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये होती. त्या घरच्या मुलाने आधी पेटी माळ्यावर टाकली आणि मग टीव्ही उचलला, टीव्ही गेला. त्याला आम्ही वर्गणी माफ केली आहे.

भिजलेलं पुस्तक हाती आलंच तर पानं ओढून सुटी करू नका. दर दहा-बारा पानांत साधा पांढरा कागद घाला, वर्तमानपत्र नको, शाई उतरते. पुस्तक पंख्यासमोर उभं करा आणि कागद ओले झाले की बदला. दोन-तीन दिवस लागतात. सुकल्यावर वर वजन ठेवा.

आता तीन पेट्या फिरतात. पहिली कारेलीबागेत आहे, दुसरी वासण्याला. तिसरी या रविवारी वाघोडिया रोडला जायची होती, पण मोजणीत एकोणतीसच भरली. क्रमांक १७, प्रवासवर्णन, शेऱ्याच्या रकान्यात फक्त "परत वाचतोय" एवढंच लिहिलेलं आहे, खाली सही नाही. अक्षर ओळखीचं वाटतं. उद्या फोन करून विचारणार आहे, कसं वाटलं पुस्तक.